जामीन कशावर ठरतो आणि कुठे अडतो

महोदय,

‘खुनातील आरोपी सुटला’, ‘अत्याचार करणारा मोकाट’ असे मथळे अधूनमधून छापून येतात. जामीन हा शब्द बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतो, पण पारावर मथळाच वाचला जातो. दोन दिवसांत गावात ठरून जाते की पैसा चालला, कोर्ट फिरले. आणि फिर्यादीच्या घरचे लोक साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याआधीच खचतात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने महिनोन्महिने आत राहिलेल्या मजुराची बातमी मात्र कुठेच येत नाही. गंभीर गुन्ह्यात जामिनाचा निर्णय कशावर होतो आणि आपल्या भागात तो कोणत्या कागदापाशी अडतो, हे एकदा सविस्तर छापले जावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, पण गैरसमज फार आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो.

आधी कोर्ट कोणते ते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जामिनाची जुनी कलमे ४३७, ४३८, ४३९ आता अनुक्रमे ४८०, ४८२, ४८३ झाली. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपीचा हात असल्याचे मानायला वाजवी आधार दिसला, तर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना जामीन देता येत नाही. आरोपी बालक, स्त्री, आजारी किंवा दुर्बल असेल तेवढाच अपवाद. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, हुंडाबळी, दरोडा या प्रकरणांत खरी जागा सत्र न्यायालयाची. तरीही पोलीस कोठडी (पीसीआर) संपून न्यायालयीन कोठडी (एमसीआर) झाली, की नातेवाईक घाईने तालुक्यात अर्ज टाकायला लावतात. तो फेटाळला जातो, नकलेत चार दिवस जातात, मग जिल्ह्याचा रस्ता धरला जातो. खालच्या कोर्टाने अर्ज फेटाळलाच पाहिजे अशी अट कायद्यात नाही; आरोपी कोठडीत आहे एवढ्यावर सत्र न्यायालयात थेट अर्ज करता येतो. पुसद, अचलपूर, खामगाव अशा ठिकाणी अतिरिक्त सत्र न्यायालय असल्याने जिल्ह्याच्या गावापर्यंतची फेरीही वाचते. तिथेही नकार मिळाला तर विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. सिरोंच्याच्या माणसाला तिथवर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त पडतात, हे तारखा लावताना कुणाच्या ध्यानात येते की नाही, ठाऊक नाही.

अर्ज दाखल झाला की त्याच दिवशी निकाल लागत नाही, आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नसते. सत्र न्यायालयात चालणाऱ्या गुन्ह्यात सरकारी वकिलांना नोटीस द्यावीच लागते. मग सरकारी वकील तपास अधिकाऱ्याकडून ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, मागवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सांगितले आहे की नियमित जामिनाचा अर्ज साधारण दोन आठवड्यांत आणि अटकपूर्व जामिनाचा सहा आठवड्यांत निकाली निघावा. प्रत्यक्षात तारीख पडते ती ‘से’ आला नाही म्हणून. तपास अधिकारी बंदोबस्तात असतात, कोर्टाचे काम पाहणारे पोलिसांचे पैरवी कर्मचारी तपासाची डायरी न घेता येतात, नाहीतर ‘से’ येतो तो मागच्या प्रकरणातला, नाव बदलून. ‘आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, तपासात अडथळा येईल’ ही तीन वाक्ये प्रत्येक ‘से’ मध्ये असतात, म्हणून त्यांचे वजन उरत नाही. आरोपी आधी कधी फरार होता, त्याच्यावर कोणते गुन्हे कुठल्या ठाण्यात आहेत, फिर्यादीचे घर आरोपीच्या घरापासून किती अंतरावर आहे, कोणत्या साक्षीदाराला केव्हा धमकी दिली, त्याची नोंद कोणत्या तारखेला झाली, हे लिहिले तर कोर्ट थांबून वाचते. चांगला ‘से’ म्हणजे फिर्यादीच्या हातातले सगळ्यात मोठे हत्यार, आणि ते बोथट निघाले की दोष न्यायाधीशाच्या माथी येतो.

आता मुख्य प्रश्न, न्यायाधीश पाहतात काय? गुन्हा किती भयंकर, एवढ्यावर निर्णय होत नाही. २०१० मध्ये प्रशांत कुमार सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या एकत्र मांडल्या: आरोपीने गुन्हा केला असे मानायला प्रथमदर्शनी आधार आहे का, आरोपाचे स्वरूप आणि शिक्षा किती, तो पळून जाण्याची शक्यता किती, त्याचे वर्तन आणि वजन कसे, पुन्हा गुन्हा करील का, साक्षीदारांना फितवील का. पुस्तकात हे कोरडे वाटते. आपल्या मातीतले उदाहरण घेऊ.

धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद. पेरणीच्या तोंडावर नांगराचा एक तास (ओळ) इकडे सरकला म्हणून भाऊबंदांत मारामारी झाली आणि एक माणूस गेला. फिर्यादीत नऊ नावे: एकाने कुऱ्हाड मारली, तिघांनी काठ्या आणि उभाऱ्या चालवल्या, दोघांनी हात धरले, दोन बाया ‘मारा, मारा’ म्हणून ओरडल्या आणि नववा माणूस ‘तिथे होता’. भारतीय न्याय संहितेचे बेकायदेशीर जमावाचे कलम १९० लागते, म्हणून नऊही जणांवर खुनाचे कलम १०३ येते. गावाच्या नजरेत नऊही जण खुनी. कोर्ट मात्र प्रत्येकाचे काम वेगळे काढून पाहते. शवविच्छेदनाच्या (पीएम) रिपोर्टमध्ये डोक्यावर धारदार शस्त्राची एकच जखम असेल आणि बोथट वस्तूचा एकही मार नसेल, तर कुऱ्हाडवाल्याचा अर्ज बहुधा फेटाळला जातो आणि काठीवाल्यांचा मंजूर होऊ शकतो. ओरडणाऱ्या बायांना आणि नुसते हजर असणाऱ्याला त्याआधी. याच्या उलट, तिन्ही काठ्यांचे मार बरगड्यांवर आणि डोक्यावर उमटले असतील आणि मृत्यूच्या कारणात अनेक जखमा लिहिल्या असतील, तर काठीवाले कुऱ्हाडवाल्याच्याच रांगेत बसतात. ‘सहआरोपीला मिळाला, मग याला का नाही?’ या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. समानतेचा मुद्दा कलमावर चालत नाही, भूमिकेवर चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रमेश भवन राठोड प्रकरणात हे स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील एका हुंडाबळी प्रकरणात त्याच न्यायालयाने सासू-सासऱ्यांचा जामीन रद्द केला आणि नणंदांचा कायम ठेवला. कलम एकच, घर एकच.

याच उदाहरणात कागद बदलले की निकाल बदलतो. नाव पहिल्या फिर्यादीत आहे की आठ दिवसांनी घेतलेल्या पुरवणी बयाणात? घटना सकाळी सातची, ठाणे बारा किलोमीटरवर, आणि फिर्याद रात्री अकराला का? प्रत्यक्ष पाहणारे किती आणि त्यांचे बयाण कोणत्या तारखेचे? जखमी मरण्याआधी दवाखान्यात बोलला असेल, तर त्याचे मृत्यूपूर्व बयाण कोणी लिहिले, डॉक्टरांचा शुद्धीवर असल्याचा शेरा आहे का? कुऱ्हाड आरोपीने दाखवून दिली असा मेमोरेंडम पंचनामा असेल, तर ती बंद घरातून निघाली की उघड्या तुऱ्हाटीच्या ढिगातून? प्रत्यक्ष साक्षीदार नसलेल्या प्रकरणात, म्हणजे ‘शेवटचे सोबत पाहिले’ आणि मोबाईलच्या कॉलच्या नोंदी (सीडीआर) एवढ्यावर उभे असलेल्या प्रकरणात, दोषारोपपत्र आल्यावर जामिनाला जागा बरीच असते. हा चाळणीचा टप्पा आहे, खटला नाही. साक्षीदार खरा की खोटा, हे जामिनाच्या आदेशात ठरवायचे नसते. पण कारणे द्यावीच लागतात. ‘सर्व बाबी विचारात घेऊन जामीन मंजूर’ एवढ्यावर दिलेला आदेश वर टिकत नाही, हे २०१९ च्या महिपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

पळून जाण्याच्या मुद्द्यावर गरीब माणूस हकनाक मार खातो. तेलंगणात मिरची तोडायला, वीटभट्टीवर किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्याला ‘कायम पत्ता नाही’ असे म्हणणे सोपे असते. अर्जासोबत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, रेशन कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड आणि मुलांचा शाळेचा दाखला जोडला, तर हा मुद्दा जवळजवळ संपतो. हे चार कागद जोडायला कुणी सांगत नाही. साक्षीदारांवर दबावाची भीती मात्र आपल्याकडे खरी असते, कारण फिर्यादी आणि आरोपी एकाच बोअरवेलवर पाणी भरतात. त्यावर कोर्टाचा नेहमीचा उपाय म्हणजे खटला संपेपर्यंत किंवा मुख्य साक्षी होईपर्यंत गावात, तालुक्यात पाऊल न ठेवण्याची अट. अर्जातच दुसऱ्या तालुक्यातील नातेवाइकाचा पत्ता आणि त्याचे संमतीपत्र दिले, तर न्यायाधीशाला ही अट घालून जामीन देणे सोपे जाते.

दुसऱ्यांदा अर्ज करताना आणखी एक चूक हमखास होते. नवा वकील, नवा अर्ज, आणि जुना फेटाळल्याचा उल्लेखच नाही. जानेवारी २०२४ मध्ये कुशा दुरुका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधीच्या प्रत्येक अर्जाचा निकाल आणि इतर कोणत्या कोर्टात अर्ज चालू असल्यास तो, हे लिहिणे बंधनकारक आहे. ही माहिती दडवली की त्या एका कारणावर अर्ज जातो. आणि परिस्थितीत बदल दाखवावा लागतो: दोषारोपपत्र आले, सहआरोपीला जामीन मिळाला, मुख्य साक्षीदार तपासून झाला, दीड वर्षात आरोपनिश्चितीही झाली नाही, असे काही.

आता साठ-नव्वद दिवसांचा हिशेब. याबद्दल जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कशाबद्दल नसेल. तपास वेळेत संपवून दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर कलम १८७(३) खाली (जुने १६७(२)) आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा खुनाचा असला तरी. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात मुदत ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. दिवस अटकेपासून मोजत नाहीत, कोर्टाने पहिला रिमांड दिला त्या दिवसापासून मोजतात, आणि तो दिवसही धरायचा. २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने हा वाद मिटवला. म्हणजे पहिला रिमांड १ मार्चला झाला, तर मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ९० होतात. २९ मेपर्यंत दोषारोपपत्र आले नाही, तर ३० मे रोजी हक्क तयार. पण तो मागावा लागतो. ३० तारखेला अर्ज केला नाही आणि ३१ ला दोषारोपपत्र आले, तर हक्क गेला. अर्ज सकाळी दिला आणि दोषारोपपत्र दुपारी आले, तर हक्क राहिला. म्हणून त्या दिवशी अर्जावर वेळ टाकून घ्यावी. उन्हाळी सुट्टीत हा दिवस पडला, तर सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे जावे. लेखी अर्ज जमला नाही तर तोंडी मागणीही चालते, हे २०१७ च्या राकेश कुमार पॉल प्रकरणात ठरले आहे. आणि मंजूर झाल्यावर मुचलका, जामीनदार ताबडतोब द्यावा. तो देता आला नाही तर हातातला जामीन कागदावरच राहतो.

रासायनिक तपासणीचा (सीए) रिपोर्ट यायचा राहिला म्हणून दोषारोपपत्र अपुरे, हा युक्तिवाद सहसा चालत नाही. फिर्यादी पक्षाला एवढेच सांगतो की अशा जामिनावर सुटलेला माणूस गुणदोषांवर सुटलेला नसतो. पोलिसांचे दिवस चुकले म्हणून सुटलेला असतो. ठाणेदाराला ७५ व्या दिवशी विचारायचा प्रश्न ९१ व्या दिवशी कोर्टाला विचारून उपयोग नाही. दोषारोपपत्रातून गंभीर पुरावा पुढे आला, तर असा जामीन पुढे गुणदोषांवर रद्दही होऊ शकतो. गंगी रेड्डी प्रकरणात, जानेवारी २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता मोकळा ठेवला.

काही कायद्यांत पारडे आधीच झुकवलेले आहे. गांजाचे घ्या. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण. व्यापारी प्रमाणात अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याचे कलम ३७ लागते आणि आरोपी दोषी नाही, शिवाय बाहेर जाऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, असे दोन्ही मानायला वाजवी आधार असल्याची कोर्टाची खात्री पटावी लागते. दोषारोपपत्राची मुदतही अशा प्रकरणात १८० दिवस. आपल्याकडे पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या ओळीत लावलेली झाडे मुळांसकट, मातीसकट, ओली तोलली जातात आणि वजन वीस किलोच्या वर जाते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलांचे, फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. पंचनाम्यात देठ, मूळ, शेंडे वेगळे तोलले का, ओल्या मालाचे वजन की वाळल्यावरचे, हा प्रश्न जामिनाच्या वेळीच मांडायचा असतो, आणि पुष्कळदा मांडलाच जात नाही.

अट्रॉसिटी कायद्याच्या प्रकरणांत कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन मिळत नाही. फिर्यादीतून गुन्हाच उभा राहत नसेल तेवढ्यापुरता अपवाद २०२० च्या पृथ्वीराज चौहान निकालाने ठेवला. विशेष न्यायालयाच्या जामिनाच्या आदेशावर, मंजूर असो वा नामंजूर, कलम १४अ खाली उच्च न्यायालयात अपील करायचे असते, त्याची मुदत ९० दिवस. पण गावोगाव सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. कलम १५अ प्रमाणे पीडिताला किंवा त्याच्या वारसाला जामिनाच्या सुनावणीची नोटीस मिळालीच पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद सक्तीची ठरवली. नोटीस न देता झालेला जामीन या एका मुद्द्यावर उच्च न्यायालयात आव्हानात येतो. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्कार आणि अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कार यांतही फिर्यादीची किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीची सुनावणीला हजेरी कलम ४८३(२) ने बंधनकारक आहे आणि अटकपूर्व जामिनाची सोय नाही. इतर प्रकरणांतही पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. लखीमपूर खेरी येथे शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात, २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या कारणाने जामीन रद्द करून फेरसुनावणीला पाठवला. तेव्हा ‘आम्हाला कळलेच नाही’ म्हणत बसण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात सरकारी वकिलांना भेटून मोबाईल क्रमांक द्यावा. स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. दूरध्वनी १५१००.

खटला लांबला तर? इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते. कलम ४७९ प्रमाणे जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मी मुदत, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने एक तृतीयांश मुदत कच्च्या कैदेत काढली, तर सुटकेचा हक्क येतो; ते कोर्टाला कळवणे ही कारागृह अधीक्षकाची जबाबदारी आहे. पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे कलम लागू नाही, एकाहून जास्त प्रकरणे चालू असतील तरीही नाही. खुनाच्या आरोपीचे नातेवाईक या कलमाचे कात्रण घेऊन येतात, त्यांची निराशा होते. त्यांच्यासाठी घटनेचे कलम २१ आहे. नजीब प्रकरणात (२०२१) आणि महाराष्ट्रातूनच गेलेल्या जावेद शेख प्रकरणात (जुलै २०२४) सर्वोच्च न्यायालयाने यूएपीएसारख्या (बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक) कडक कायद्यातही सांगितले की खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील, तर गुन्हा कितीही गंभीर असो, माणसाला बेमुदत आत ठेवता येत नाही. अशा अर्जाला रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदींच्या, नकला जोडाव्यात. साक्षीदार किती, तपासले किती, तारखा कुणामुळे पडल्या, हे रोजनाम्यातच दिसते. आरोपीच्याच वकिलाने दहा तारखा मागितल्या असतील, तर हा मुद्दा लंगडा पडतो.

आणि आता तो भाग, ज्यावर आमच्या मते वर्तमानपत्रांनी सगळ्यात कमी लिहिले आहे. जामीन मंजूर झाला. आदेशात लिहिले, ‘२५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’. इथून पुढे सगळे सातबाऱ्यावर येते. जामीनदाराने सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो आणि कोर्ट मागेल तर तहसीलदाराचे ऐपतीचे प्रमाणपत्र द्यायचे. आपण याआधी किती जणांना जामीन राहिलो हेही कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यायचे. कागद साधे वाटतात. पण सातबारा मेलेल्या बापाच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही. किंवा खाते सामाईक, सात भावांचे, आणि बाकी सहा सही देत नाहीत. किंवा पीक कर्जाचा सोसायटीचा बोजा जमिनीच्या किमतीएवढा. किंवा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, जमीन. मेळघाट, गडचिरोलीत वनहक्काचा पट्टा असतो. तो वारसाला मिळतो पण विकता येत नाही, म्हणून तारणाला नाकारला जातो. भूमिहीनाकडे तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरटॅक्सची पावती एवढेच, आणि कुडाच्या घराची किंमत त्यात दहा-पंधरा हजार. बाईच्या नावावर जमीन क्वचितच, म्हणून आई मुलाला जामीन राहू शकत नाही. मग कोर्टाच्या फाटकाबाहेर भाड्याचा जामीनदार सापडतो, खोट्या रेशन कार्डासह. तो पकडला गेला की आरोपीवर आणि नातेवाइकांवर नवा गुन्हा.

जामीनदार दुसऱ्या तालुक्याचा, दुसऱ्या जिल्ह्याचा आहे म्हणून परत पाठवणे चुकीचे आहे. हे १९७८ मध्येच ठरले. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली आणि जिल्ह्याची अट फटकारली. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर पुन्हा सूचना दिल्या. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जावी आणि कैद्याला मिळावी. सात दिवसांत तो सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. जामीनदार जमवण्यासाठी तात्पुरता जामीन देता येतो. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही, तर कोर्टाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे रखडण्याचे एक कारण आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वकिलांनी या आदेशाची प्रत अर्जाला लावावी, रोख जामिनावर चार-सहा आठवड्यांसाठी सुटका आणि मग जामीनदार, अशी सवलत मागावी, आणि रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४ खाली ती कमी करून घ्यावी. २०२३ च्या गरीब कैद्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत कच्च्या कैद्याला ४० हजार रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. एनडीपीएस, यूएपीए अशा काही कायद्यांची प्रकरणे वगळून. आपल्या जिल्ह्यांत तिचा लाभ किती जणांना मिळाला, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावे अशी आमची मनापासून विनंती आहे.

जामीन राहायला लोक भितात, त्याबद्दलही. आरोपी तारखेला आला नाही, तर जामीनदाराला कलम ४९१ ची नोटीस येते, कारण विचारले जाते, आणि कारण पटले नाही तर मुचलक्याची रक्कम दंड म्हणून भरावी लागते. ती वसूलच झाली नाही, तरच दिवाणी कारागृहात सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. गुन्ह्याची शिक्षा जामीनदाराला कधीच होत नाही. माणूस ऐकत नाही असे दिसले, तर कलम ४८९ खाली आपले नाव काढून घेण्याचा अर्जही करता येतो. नोटीस आली की घरात ठेवून देऊ नये, उत्तर द्यावे. रक्कम कमी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

अटी मोडल्या, धमकी दिली, तर जामीन रद्द होतो, पण नुसते ‘तो गावात दिसला’ म्हणून नाही. फोटो, तारीख, पाहणाऱ्याचे बयाण, ठाण्यातली पोच लागते. ठाण्यात पोच दिली नाही, तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने तक्रार पाठवून त्याची पावती ठेवावी. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे आणि तिचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करायचा असतो. आरोपीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे: दर सोमवारी ठाण्यात हजेरीची अट पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत झेपत नसेल, तर चुकवू नये, अट बदलण्याचा अर्ज करावा. दोन हजेऱ्या चुकल्या की सरकारी वकिलांना कारण मिळते.

संपादक महोदय, जामिनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी चार गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ होईल: कोणत्या कोर्टाने कोणत्या कलमाखाली आदेश दिला, दोषारोपपत्र दाखल झाले होते की नव्हते, कोर्टाने कोणते कारण दिले आणि अटी कोणत्या घातल्या. यासाठी कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबायची गरज नाही. प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की पुढची तारीख दिसते, आणि आदेश चढवलेला असेल तर तोही फुकट वाचता येतो.

आपले,
तालुका न्यायालयात फौजदारी कामे पाहणारे काही वकील,
जि. यवतमाळ